बुरशीच्या औषधाचं पत्रक: स्कोअर चांगला म्हणजे रुग्णाला कळलं?

'पत्रकाचा स्कोअर सहावीच्या पातळीचा आला, आता रुग्णाला कळेलच.' हे ऐकून ऐकून कान किटले आहेत. वाचनसुलभतेचा स्कोअर वेगळा आणि रुग्णांना पत्रक वाचायला देऊन घेतलेली चाचणी वेगळी.

स्कोअर म्हणजे मजकूर वाचायला किती सोपा, याचा सूत्राने काढलेला आकडा. फ्लेशचं सूत्र १९४८ चं, 'स्मॉग' नावाचं सूत्र १९६९ चं. दोन्हींत वाक्यं आणि शब्दांची लांबी मोजतात.

खरी गल्लत इट्राकोनाझोल या बुरशीवरच्या औषधाच्या पत्रकात दिसते. साध्या कॅप्सूल पोटभर जेवून लगेच घ्यायच्या, कारण औषध विरघळायला पोटातलं आम्ल लागतं. त्याच औषधाचं पातळ द्रावण मात्र उपाशीपोटी. आता पत्रकात लिहा, 'औषध रोज वेळेवर घ्या.' छोटं वाक्य, छोटे शब्द, स्कोअर झकास! रुग्ण सकाळी रिकाम्या पोटी ॲसिडिटीच्या गोळीसोबत कॅप्सूल गिळतो आणि औषध नीट अंगी लागतच नाही. जेवण, आम्ल, ॲसिडिटीची गोळी हे सगळं नीट सांगणारं वाक्य लांबतं आणि स्कोअर घसरतो. इंग्रजीत औषधाचं नाव पाच उच्चारखंडांचं (सिलेबल), त्यामुळे दर उल्लेखाला गुण जातात. म्हणून काही जण नाव काढून 'हे औषध' लिहितात. मला हे अजिबात पटत नाही. ज्याच्या घरी चार पाकिटं आहेत, त्याला 'हे' म्हणजे कुठलं?

गजकर्णावरच्या क्लोट्रिमाझोल मलमाचंही तेच. 'बरं वाटेपर्यंत लावा' हे वाचायला सोपं, पण खाज लवकर थांबते आणि मलम साधारण चार आठवडे लावायचं असतं.

चाचणीत लांबी कोणी मोजत नाही. युरोपीय मार्गदर्शक सूचनेप्रमाणे दहा-दहा जणांच्या दोन फेऱ्या होतात. प्रत्येक प्रश्नाचं उत्तर ९० टक्के लोकांना पत्रकात सापडलं पाहिजे आणि सापडलेल्यांपैकी ९० टक्क्यांना ते समजलं पाहिजे.

मराठी पत्रकं तर या सूत्रांत घालूच नयेत. ही सूत्रं इंग्रजीवर बेतलेली आहेत. आपल्याकडे प्रत्यय जोडून शब्द लांबतात, तरी 'जेवणानंतर' पोरालाही कळतं. त्यापेक्षा ओपीडीबाहेर बसलेल्या दहा जणांच्या हाती पत्रक द्या आणि विचारा: कॅप्सूल कधी घ्याल? ॲसिडिटीची गोळी चालू असेल तर काय कराल? खाज गेली, तर मलम थांबवाल का? जिथे तिघे-चौघे अडखळतील, ते वाक्य नव्याने लिहा, मग ते कितीही लांब होवो.