पाळणाघर कोण तपासतं? मुंबईतल्या एका जुन्या प्रश्नाची पार्श्वभूमी

दादरला एका इमारतीच्या तळमजल्यावर, दोन खोल्या एकत्र करून चालवलेल्या माँटेसरीत माझी मुलगी अडीच वर्षं जात होती. सकाळी बालवाडी, दुपारी पाळणाघर. प्रवेशाच्या दिवशी भिंतीवर चौकटीत लावलेले कागद मी उभ्याउभ्या वाचले होते: गुमास्ता, संस्थेची नोंदणी, अग्निशमन यंत्रणेचा दाखला. वर्षभराने तिची चप्पल कपाटामागे पडली म्हणून हात घातला, तर हाताला आग विझवायचं लाल नळकांडं लागलं. त्यावरचा दाबाचा काटा हिरव्या पट्ट्यातून केव्हाच खाली उतरला होता. भिंतीवरचा दाखला मात्र खरा होता, सही-शिक्क्यासकट. या नळकांड्याबद्दल विचारायला कुठे जायचं, तेच मला कळेना. वॉर्ड ऑफिसात? शिक्षण खात्यात? महिला व बालविकासकडे? जिथे विचारलं तिथे माणसं नीट बोलली आणि दुसऱ्या खात्याचं नाव सांगून मोकळी झाली.

ही टोलवाटोलवी कुणाच्या आळसातून आलेली नाही, तिला शंभराहून जास्त वर्षांचा इतिहास आहे. मुंबईत एवढ्या लहान मुलांच्या जागेची तपासणी कशी सुरू झाली, हे शोधत गेलं की आपण शाळेत पोहोचत नाही, गिरणीत पोहोचतो.

देशातला पहिला फॅक्टरी कायदा १८८१चा. सात वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवायचं नाही, सात ते बारा वर्षांच्या मुलाकडून दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त काम घ्यायचं नाही, असं त्यात होतं. म्हणजे सरकारी इन्स्पेक्टर गिरणीच्या दारात आला आणि त्याने पोरं मोजली, ती कामगार म्हणून. १८९१च्या दुरुस्तीने वयाची अट नऊवर नेली, बायकांच्या कामाला अकरा तासांची मर्यादा घातली. पण नऊ वर्षांखालचं, कामाला न लागलेलं, अंगावर पिणारं मूल दिवसभर कुठे असतं, हा प्रश्न कायद्यात नव्हता.

त्याचं उत्तर लालबाग-परळच्या चाळींत सगळ्यांना ठाऊक होतं. सूत गुंडाळायच्या वाइंडिंग आणि रीलिंग खात्यांतल्या बायका पहाटे निघायच्या. घरात सासू किंवा मोठी पोर असली तर तिच्याकडे, नसली तर शेजारणीकडे बाळ ठेवायचं. आणि ते झोपून राहावं म्हणून अफूची गोळी चाटवायची. ही गोळी बाजारात मिळायची, बाळागोळी नावाने. १९२०च्या दशकात मुंबई सरकारने गिरणीतल्या बाळंतिणींची पाहणी करायला नेमलेल्या डॉक्टर बार्न्स यांनी ही अफू नोंदवली आणि पुढे मजूर प्रश्नांवरच्या रॉयल कमिशननेही ती नोंदवली. त्या आयांना दोष देणारं लिखाण वाचलं की मला अजूनही त्रास होतो. बाळाला उपाशी रडत ठेवायचं की झोपवून ठेवायचं, एवढेच दोन रस्ते तिच्यापुढे होते.

१९२८ साली मुंबई कायदेमंडळात बाळंतपणाच्या रजेचं विधेयक आलं तेव्हा डॉ. आंबेडकरांनी त्याच्या बाजूने भाषण केलं. पुढच्या वर्षी, १९२९ला, मुंबई प्रांताचा मातृत्व लाभ कायदा झाला, देशातला असा पहिला. १९३१ साली रॉयल कमिशनने पाळणाघरांची शिफारस केली, आणि १९३४च्या फॅक्टरी कायद्याने प्रांतांना अधिकार दिला: ५०पेक्षा जास्त बायका कामाला असतील तिथे सहा वर्षांखालच्या मुलांसाठी खोली राखून ठेवण्याचा नियम करता येईल. १९४८च्या कायद्यात हेच कलम ४८ म्हणून सक्तीचं झालं. त्यातला तपशील वाचण्यासारखा आहे. खोलीत उजेड आणि वारा हवा, ती स्वच्छ हवी. तिच्यावर मुलांच्या संगोपनाचं शिक्षण घेतलेली बाई हवी. मुलांना अंघोळ घालायची, कपडे बदलायची सोय हवी. दूध किंवा खाऊ फुकट मिळावा आणि आईला मधूनमधून येऊन अंगावर पाजता यावं. ते नीट चाललंय की नाही हे पाहणारा फॅक्टरी इन्स्पेक्टरच. बॉयलर, पट्टे, यंत्रांचे कठडे पाहता पाहता त्याने पाळणेही पाहायचे.

इथेच ती मेख आहे जी आजतागायत निघालेली नाही. नियम लागू होणार की नाही, हे किती मुलं आहेत त्यावर ठरत नव्हतं. ते आईच्या हजेरीपटावर ठरत होतं. ५० बायकांचा आकडा १९७६ला ३० वर आला, पण मोजायच्या त्या बायकाच. ४९ बायका असलेल्या कारखान्यात ७० पोरं असली तरी कायद्याच्या दृष्टीने तिथे एकही मूल नव्हतं. पुढे रात्रपाळीची बंदी, नवी यंत्रं, छाटणी अशा कारणांनी गिरण्यांतल्या बायका कमी होत गेल्या, १९८२च्या संपानंतर गिरण्याच राहिल्या नाहीत, आणि पाळण्याची ती खोली इन्स्पेक्टरसकट गेली. इमारतींच्या बांधकामावर वीट-सिमेंट वाहणाऱ्या बायकांसाठी तर ती कधी आलीच नव्हती. १९६९ला दिल्लीत मीरा महादेवन यांनी सुरू केलेल्या मोबाइल क्रेशेसचं काम १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईत आलं. मजुरांच्या मुलांना वाळूच्या ढिगाऱ्यावरून उचलून सावलीत आणण्याचं काम सरकारआधी या बायांनी केलं. बांधकामाच्या जागी पाळणाघर सक्तीचं करणारा कायदा आला १९९६ला. आकडा पुन्हा तोच: ५०पेक्षा जास्त स्त्री कामगार.

माँटेसरीचा धागा वेगळ्या बाजूने येतो, पण सुरुवात चकित व्हावं इतकी सारखी आहे. मारिया माँटेसरी शिक्षिका नव्हत्या, डॉक्टर होत्या. ६ जानेवारी १९०७ला रोमच्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत त्यांचं पहिलं बालगृह उघडलं, तेही एका गृहबांधणी संस्थेच्या सांगण्यावरून. आईबाप कामाला गेल्यावर मागे राहिलेली पोरं जिन्यांची आणि भिंतींची नासधूस करत होती, म्हणून त्यांना एका खोलीत बसवायचं होतं. परळच्या चाळीत आणि रोमच्या चाळीत फरक एवढाच की तिथे घरमालकाला भिंतींची काळजी वाटली. बालगृहाच्या नियमांत मूल स्वच्छ अंगाने, स्वच्छ कपड्यांत पाठवायची जबाबदारी आईवर होती, आणि मुलांची उंची-वजनं नियमाने नोंदली जायची. माँटेसरी पद्धत म्हटली की आपल्याला गुलाबी मनोरा आणि खरखरीत अक्षरं ही साधनं आठवतात. पण शरीराची आणि जागेची रोजची पाहणी त्या पद्धतीत पहिल्या दिवसापासून होती. बुटकी टेबलं, मुलाच्या हाताला येणारी खुंटी, खरा काचेचा पेला, मोजायचे मणी, हे सगळं पाहणाऱ्या मोठ्या माणसाच्या भरवशावर ठेवलेलं असतं. ते माणूस नसेल तर तीच काच आणि तेच मणी धोक्याचे.

मराठी मुलखात ही पद्धत आणली ताराबाई मोडकांनी. मुंबईत जन्मलेल्या ताराबाई भावनगरला बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम करत होत्या. तेव्हाच, १९२६ला, नूतन बाल शिक्षण संघ निघाला. त्या मुंबईला परतल्यावर दादरला शिशुविहार उभं राहिलं. पण त्यांच्या लक्षात आलं की हे महागडं सामान आणि ही टापटीप मध्यमवर्गापुरतीच राहतेय. १९४५ला त्या डहाणूजवळच्या बोर्डी गावी गेल्या, तिथल्या कामात अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. मुलं बालवाडीत येईनात तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली, म्हणून अंगणवाडी. तिथे पाटी-पेन्सिलीच्या आधी अंघोळ, नखं, केस. आरोग्यतपासणी हा शब्द न वापरता केलेली ती आरोग्यतपासणीच होती. १९७५ला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली तेव्हा देशातल्या पहिल्या ३३ प्रकल्पांत धारावी होती. अंगणवाडीतला वजनाचा तक्ता मला फार मोलाचा वाटतो, कारण त्यावर आईच्या कामाची नोंद नसते, मुलाचं स्वतःचं नाव असतं, आणि दर महिन्याला कुणीतरी त्याच्या नावापुढे एक टिंब काढतं.

मध्यमवर्गाच्या वाट्याला मात्र ना इन्स्पेक्टर आला ना तक्ता. साठ-सत्तरच्या दशकात बँका, आयुर्विमा, मंत्रालय, टेलिफोन खातं इथे बायका मोठ्या संख्येने नोकरीला लागल्या. गिरगाव, दादर, पार्ल्यात घरोघरी काकूंची पाळणाघरं सुरू झाली. डबा, दूध, दुपारची झोप, संध्याकाळी शुभं करोति. परवाना म्हणजे ओळख: अमकीची मुलं तिथे वाढली, एवढं पुरे. पुष्कळ काकूंनी ती पोरं नातवंडांसारखी सांभाळली, हे मी स्वतः पाहिलंय. पण ओळखीला नळकांड्याचा काटा दिसत नाही, आणि काकूंच्या जागी पगारी मावशी आणि भाड्याचा गाळा आला तेव्हा ती ओळखही विरली. त्याच काळात माँटेसरी हे नाव बालवाडीला पर्यायी शब्द होऊन बसलं. हे नाव कुणीही पाटीवर लिहू शकतं, त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही.

शिक्षण खात्याचं दारही बंदच राहिलं. २००२च्या ८६व्या घटनादुरुस्तीने शिक्षणाचा मूलभूत हक्क सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना दिला. सहाखालच्यांसाठी राज्याने प्रयत्न करावा, असं कलम ४५मध्ये लिहिलं गेलं. २००९चा शिक्षणहक्क कायदा त्याच रेषेवर थांबला. साडेबारापर्यंत बालवाडी आणि त्यानंतर पाळणाघर चालवणारी जागा त्यामुळे दुहेरी अडचणीत आली. सतरंजी तीच, ताई त्याच, मुलंही तीच, पण घड्याळाचा काटा पुढे सरकला की खातं बदलतं.

मग एकेका दुर्घटनेबरोबर एकेक कागद येत गेला. १६ जुलै २००४ला तमिळनाडूत कुंभकोणमच्या शाळेत माध्यान्ह भोजनाच्या स्वयंपाकघरातून आग लागली, गवताचं छप्पर पेटलं, ९४ मुलं गेली. त्यावरून सुरू झालेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००९ला सांगितलं की सुरक्षित इमारत हा शिक्षणाच्या हक्काचाच भाग आहे. महाराष्ट्राचा आग प्रतिबंधक कायदा २००६चा, अंमल २००८च्या डिसेंबरपासून. त्यानुसार जागेच्या मालकाने किंवा वापरणाऱ्याने परवानाधारक एजन्सीकडून दर जानेवारीत आणि जुलैत यंत्रणा चालू असल्याचा दाखला घ्यायचा असतो, ज्याला सगळे फॉर्म बी म्हणतात. यातला बारकावा पालकांना माहीत हवा: तपासायचं काम इथे आधी मालकाचं आहे, अग्निशमन दल नंतर येतं. दादरच्या भिंतीवरच्या कागदाचा उलगडा मला हा कायदा वाचल्यावर झाला. तो जुना फॉर्म बी होता, त्यानंतर जुलै महिना तीनदा येऊन गेलेला.

२०१३च्या राष्ट्रीय पूर्वबाल्य संगोपन व शिक्षण धोरणाने मात्र मूल मोजलं. ३० मुलांना किमान ३५ चौरस मीटरची खोली, तीन वर्षांखालच्या १० मुलांमागे एक मोठं माणूस, तीन ते सहा वयाच्या २० मुलांमागे एक. पण ते धोरण होतं, मोडल्यास दंड नव्हता. नोव्हेंबर २०१६ला खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या बाळाला मारतानाचं सीसीटीव्ही चित्रण बाहेर आलं आणि आम्हा सगळ्या नोकरदार आयांच्या पोटात खड्डा पडला. २०१७च्या मातृत्व लाभ दुरुस्तीने ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर सक्तीचं केलं, आईला दिवसातून चार वेळा जाऊन येण्याची मुभा दिली. या वेळी पुरुषही मोजले गेले, ही पुढची पायरी, पण मोजणी पुन्हा कामगारांचीच. त्या पाळणाघरांसाठी २०१८ला किमान मार्गदर्शक तत्त्वं आली. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने खासगी प्ले स्कूलसाठी वेगळी तत्त्वं काढली. ऑगस्ट २०२४ला बदलापूरच्या शाळेतल्या दोन चिमुरड्यांवरच्या अत्याचाराची उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, आणि २०२५ला राज्याने खासगी पूर्वप्राथमिक केंद्रांना पोर्टलवर नोंदणी करायला सांगितलं.

नोंदणी म्हणजे तपासणी नव्हे, हे अनुभवाने सांगते. पण नोंद नसेल तर तपासायला कुठे जायचं, हेही कळत नाही. पावसाळ्यात डासांच्या अळ्या शोधत महापालिकेच्या कीटकनाशक खात्याची माणसं इमारतीची टाकी, ड्रम, कुंड्या बघून जातात. त्याच इमारतीच्या तळमजल्यावर तीस-तीस पोरं झोपलेली असतात, खिडक्यांना बाहेर काढलेली कुलूपबंद लोखंडी जाळी असते, आणि ती बघणं त्या माणसांच्या कामात येत नाही.

दादरच्या त्या माँटेसरीत आम्ही चार पालकांनी संचालिकाबाईंशी बोलून एका शनिवारी मुलांना बाहेर काढून पाहिलं. त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. नळकांडं भरून दाराजवळ, मोकळ्या भिंतीवर आलं होतं. खिडकीच्या जाळीची किल्ली खिळ्याला टांगली होती. चालती मुलं दोरी धरून रांगेने फाटकापर्यंत गेली, गाणं म्हणत. ताईंनी डोकी मोजली तर दोन कमी. ती दोघं आतल्या खोलीत गाढ झोपली होती, आणि झोपलेल्यांना कुणी उचलायचं हे कधी ठरलेलंच नव्हतं. आता ते ठरलंय. आतल्या खोलीच्या दारामागे, मावशींच्या नजरेच्या उंचीवर, मोठ्या अक्षरांत त्यांचंच नाव लिहून कागद लावलाय, आणि त्याखाली, त्या सुटीवर असतील त्या दिवशी कोण, तेही.