गोळी, निरोध, तांबी : घरी नेण्याआधी वाचा

आमच्या काउंटरवर बीपीची गोळी घेणारा माणूस दहा प्रश्न विचारतो. संततिनियमनाचं पाकीट घेणारा मात्र पैसे ठेवतो, पुडी खिशात टाकतो आणि निघतो. मागे ओळखीचं कुणीतरी उभं असतं, म्हणून आम्हीही कागदात गुंडाळून मुकाट्याने देतो. तोंडी सांगायचं राहतं ते या पत्रकात.

साधन वापरूनही दिवस राहिले तर लोक कंपनीला दोष देतात. बहुतेक वेळा चूक वापरण्यात असते. निरोध दर वेळी आणि नीट वापरला, तर वर्षभरात शंभरातल्या सुमारे २ जणींना दिवस राहतात. लोक प्रत्यक्षात जसा वापरतात त्यात सुमारे १३.

सगळ्यात जास्त गैरसमज असुरक्षित संबंधानंतर घ्यायच्या ‘बहात्तर तासांच्या’ गोळीचे. पाकिटावर ७२ छापलंय म्हणून तिसऱ्या दिवसाची वाट बघू नका. जितकी लवकर घ्याल तितका उपयोग जास्त. लिव्होनॉर्जेस्ट्रेल १.५ मिलिग्रॅमची ही गोळी स्त्रीबीज बाहेर पडणं पुढे ढकलते, एवढंच तिचं काम. राहिलेला गर्भ ती पाडत नाही. आणि ढकललेलं बीज नंतर बाहेर पडतंच. म्हणजे सोमवारी गोळी घेतली आणि शुक्रवारी काही न वापरता संबंध आला, तर सोमवारच्या गोळीचा शुक्रवारी काही उपयोग नाही. कदाचित तोच दिवस धोक्याचा. गोळीनंतर दोन तासांच्या आत उलटी झाली तर पुन्हा एक घ्यावी लागते. महिन्यातून दोन-तीनदा ही गोळी नेणारी गिऱ्हाईकं आमच्याकडे आहेत. विक्री आमचीच वाढते, तरी सांगतो: पाळीचं वेळापत्रक बिघडतं, पैसे जास्त जातात आणि भरवसा रोजच्या गोळीपेक्षा कितीतरी कमी.

रोजची गोळी म्हणजे माला-डी किंवा तशीच दुसरी. सरकारी दवाखान्यात माला-एन फुकट मिळते. पाकिटात २८ गोळ्या. २१ पांढऱ्या, त्या औषधाच्या. ७ गडद रंगाच्या, त्या लोहाच्या. गडद गोळ्या टाकून दिल्या तर दिवस राहत नाहीत, पण रोजची सवय मोडते आणि पुढचं पाकीट उशिरा सुरू होतं. तिथेच घात होतो. पांढऱ्या गोळ्यांमध्ये सात दिवसांपेक्षा जास्त खंड पडणं हीच या साधनातली सगळ्यात धोक्याची चूक. एक पांढरी गोळी घ्यायची राहिली तर आठवताच घ्या, मग त्या दिवशी दोन झाल्या तरी चालतील. दोन किंवा जास्त राहिल्या तर आठवताच एक घ्या, पुढे रोज चालू ठेवा आणि सात दिवस निरोध वापरा. शेवटच्या आठवड्यातल्या पांढऱ्या गोळ्या चुकल्या असतील तर उरलेल्या पांढऱ्या संपवून, गडद न घेता, थेट नवं पाकीट सुरू करा.

बीपी असेल, पस्तिशी उलटून तंबाखू-सिगारेट चालू असेल, अर्धशिशीत डोळ्यांपुढे चमकत असेल किंवा बाळ सहा महिन्यांच्या आतलं आणि अंगावर पीत असेल, तर ही गोळी आमच्याकडून परस्पर नेऊ नका, डॉक्टरांना विचारा. टीबीचा कोर्स चालू असेल तर आवर्जून सांगा. त्यातलं रिफाम्पिसिन रोजच्या गोळीचा असर घालवतं, बहात्तर तासांच्या गोळीचाही कमी करतं. फिट्सच्या काही औषधांचंही तसंच. हे मागे रांग असली तरी सांगा, हळू आवाजात सांगितलं तरी आम्हाला ऐकू येतं.

‘छाया’ ही हार्मोन नसलेली गोळी; अंगावर पाजणाऱ्या आईलाही चालते. पाळीच्या पहिल्या दिवशी सुरू करायची. तो रविवार असेल तर पहिले तीन महिने दर रविवारी आणि बुधवारी, नंतर फक्त रविवारी. हिच्यावर पाळी लांबू शकते.

निरोधाबद्दल थोडक्यात. तारीख बघा. पाकीट दातांनी फाडू नका. मागच्या खिशात महिनोन्‌महिने ठेवू नका, उष्णतेने रबर कमजोर होतं. टोकातली हवा चिमटीने काढा. एकावर एक दोन घालू नका. खोबरेल तेल, व्हॅसलिन अजिबात नको. तेलाने रबर फाटतं.

तांबी (गर्भाशयात बसवायची कॉपर-टी) आणि दर तीन महिन्यांनी घ्यायचं ‘अंतरा’ इंजेक्शन यासाठी दवाखान्यात जावं लागतं. रोजची आठवण ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी आमच्या मते तांबीच बरी. ३८० प्रकारची दहा वर्षं चालते. असुरक्षित संबंधानंतर पाच दिवसांच्या आत बसवली तर तातडीचा उपाय म्हणून ती गोळीपेक्षा खात्रीची. पुरुषांच्या नसबंदीनंतर पहिले तीन महिने निरोध लागतोच, आणि मग वीर्याची तपासणी.

एवढं करूनही पाळी आठवडाभर लांबली तर सकाळच्या पहिल्या लघवीवर चाचणी करा. पाळीचा भरवसा नसेल तर संबंधानंतर तीन आठवड्यांनी. चाचणीत दिवस गेल्याचं दिसलं आणि गर्भ नको असेल, तर गर्भपाताच्या गोळ्या चिठ्ठीशिवाय मागू नका; आम्ही देणार नाही. गर्भ गर्भाशयाऐवजी नळीत राहिला असेल तर त्या गोळ्यांनी तो पडत नाही, नळी फुटून जिवावर बेतू शकतं, आणि ते डॉक्टरांनी तपासल्याशिवाय कळत नाही. २०२१ च्या दुरुस्तीनंतर गर्भपाताच्या कायद्यात साधन फसल्याचं कारण अविवाहित स्त्रीलाही लागू आहे, तेव्हा लग्न झालेलं नाही म्हणून दवाखान्यात जायला घाबरू नका.