पोटाच्या मागच्या भिंतीचे मॉडेल : अभ्यासाला बसण्यापूर्वी

आमचे मॉडेल घेतल्याबद्दल आभार. आधी जठर, आतडी आणि यकृत काढून बाजूला ठेवा. आता समोर दिसते ती पोटाची मागची भिंत. पुस्तकात श्वासपटल (छाती आणि पोट यांच्यामधला श्वासाचा स्नायू) एका प्रकरणात आणि ही भिंत दुसऱ्या प्रकरणात असते, म्हणून दोघांचा संबंध विद्यार्थ्यांच्या ध्यानात येत नाही. ती दोन्ही जिथे जोडलेली आहेत ती जागा नीट दिसावी, यासाठीच आम्ही हे मॉडेल घडवले.

मधोमध कमरेचे ५ मणके आणि त्यांना लागून दोन्ही बाजूंना जाडजूड सोअस मेजर हा स्नायू (पुढे नुसता सोअस). तो खाली ओटीपोटाच्या हाडावरच्या स्नायूला, म्हणजे इलिअ‍ॅकसला मिळतो आणि दोघे मांडीच्या हाडाच्या लेसर ट्रोकँटरवर (आतल्या बाजूच्या लहान उंचवट्यावर) जाऊन चिकटतात. मांडी पोटाकडे उचलतात ते हेच. सोअसच्या बाहेरच्या अंगाला, बाराव्या बरगडीपर्यंत गेलेला चपटा स्नायू म्हणजे क्वाड्रेटस लंबोरम.

आता या दोन स्नायूंच्या वरच्या टोकांकडे पाहा. तिथे पांढऱ्या कमानी आहेत : सोअसवर मेडियल (आतली) आणि क्वाड्रेटसवर लॅटरल (बाहेरची) आर्क्युएट लिगामेंट. त्या-त्या स्नायूचे आवरणच तिथे जाड झालेले असते आणि त्यावरूनच श्वासपटलाचे तंतू निघतात. मेडियल कमानीखाली बोट घाला. सोअस तिच्या मागून वर गेलेला हाताला लागेल. मणक्याच्या क्षयातला पू याच वाटेने, सोअसच्या आवरणातून उतरत थेट जांघेत गाठ होऊन दिसू शकतो. दुखणे पाठीत, गाठ जांघेत. कारण मात्र या कमानीखाली बोट घातले की लगेच पटते.

श्वासपटलाचे दोन पाय, म्हणजे क्रस, मणक्यांवर रोवलेले आहेत. उजवा पहिल्या ३ मणक्यांवर, डावा पहिल्या २. पटलातून जाणाऱ्या तीन मोठ्या वाटांची पातळी छातीच्या मणक्यांवरून मोजा : अधोमहाशीर (खालच्या अंगाचे रक्त हृदयाकडे नेणारी मोठी शीर) ८, अन्ननलिका १०, महाधमनी १२. आकडे सगळेच पाठ करतात, पण कारण जास्त मोलाचे आहे. शिरेची वाट पटलाच्या मधल्या कंडरेत (स्नायू नसलेल्या चिवट भागात) असल्याने श्वास घेताना ती ताणून रुंदावते. अन्ननलिकेभोवती उजव्या क्रसचे स्नायू आहेत, ते तिला आवळतात. महाधमनी पटलाच्या मागून जाते, त्यामुळे तिच्यावर दाब येत नाही.

पिवळ्या रंगात नसा आहेत. सोअसच्या पुढून बाहेर पडते ती जेनिटोफेमोरल, बाहेरच्या कडेने फेमोरल, आतल्या कडेने ऑब्ट्युरेटर. या तिघींची गल्लत हमखास होते, म्हणून सोअस सुटा निघेल असा केला आहे. फ्रेनिक, म्हणजे श्वासपटलाची नस, मात्र मानेतून, ३ ते ५ क्रमांकांच्या नसामुळांपासून, येते. खांद्याच्या त्वचेच्या नसाही त्याच मुळांतून येतात; पटलाखाली सूज असली की खांदा दुखतो तो याच नात्याने.

मूत्रपिंडे बसवताना उजवे किंचित खाली ठेवा, त्याच्यावर यकृत आहे.

सोअस मेजरसमोरचा छोटा स्नायू, सोअस मायनर, बऱ्याच माणसांत नसतोच, म्हणून मॉडेलमध्ये दिलेला नाही. शिकवण्यासाठी हवा असल्यास कळवा, वेगळा तुकडा पाठवू.