दाबनियामक आणि अचूक ॲनालॉग आयसी

पुरवठ्याचा विद्युत् दाब ठरावीक पातळीवर राखणारे, तसेच अत्यल्प विद्युत् संकेत मोजण्याजोगे करणारे, सिलिकॉनच्या एकाच तुकड्यावर घडवलेले परिपथ, म्हणजे आयसी. पहिल्या प्रकाराला बाजारात नुसते ‘रेग्युलेटर’ म्हणतात. सांगली, मिरज किंवा सातारा येथे दुकानात हा शब्द उच्चारला की पंख्याचा हवा की बोर्डावरचा, असा उलट प्रश्न येतो. दुसऱ्या प्रकारात क्रियात्मक विवर्धक (ऑप-अँप), संदर्भ दाबाचे स्रोत आणि ॲनालॉग, म्हणजे सलग बदलणाऱ्या, संकेताचे अंकांत रूपांतर करणारे परिपथ मोडतात. वाई येथे तयार झालेल्या मराठी विश्वकोशाने रुळवलेला ‘विवर्धक’ (अँप्लिफायर) हा शब्द या नोंदीत ठेवला आहे. ‘आयसी’ला मात्र पर्याय वापरलेला नाही, कारण तो कोणी वापरत नाही.

दोन्ही प्रकारांचे मूळ एकच आहे. दाब स्थिर ठेवायचा किंवा मोजायचा, तर तुलनेसाठी न हलणारा एक दाब लागतो. तो आयसीच्या आतच निर्माण करावा लागतो, आणि सिलिकॉनचे जवळजवळ सगळे गुणधर्म तापमानाबरोबर बदलतात. या अडचणीतून वाट काढण्याचे श्रेय कोणाचे, यावर एकमत नाही.

ट्रँझिस्टरच्या पाया (बेस) व उत्सर्जक (एमिटर) या टोकांमधील दाब साधारण तापमानाला सुमारे ०.६५ व्होल्ट असतो आणि दर अंश सेल्सिअसमागे सुमारे २ मिलिव्होल्टने घटतो. याउलट, वेगवेगळ्या प्रवाहघनतेवर चालणाऱ्या दोन सारख्या ट्रँझिस्टरांच्या दाबांतील फरक तापमानाबरोबर वाढतो. घनतेचे गुणोत्तर ८ असेल तर हा फरक २७° से. ला सुमारे ५४ मिलिव्होल्ट भरतो आणि दर अंशाला ०.१८ मिलिव्होल्टने वाढतो. त्याला सुमारे ११ ने गुणून पहिल्या दाबात मिळवले, की घट आणि वाढ एकमेकींना खातात व बेरीज १.२४ व्होल्टच्या आसपास स्थिर राहते. हाच बँडगॅप संदर्भ. गुणोत्तर फक्त ट्रँझिस्टरांच्या आकारांवर व प्रवाहांवर ठरते, आणि एकाच तुकड्यावर शेजारी घडवलेले घटक एकमेकांशी उत्तम जुळतात. म्हणून सुटे भाग जोडून जे कष्टाने साधे, ते आयसीत स्वस्तात साधते.

फेअरचाइल्ड या अमेरिकन कंपनीतील डेव्हिड हिल्बिबर यांनी १९६४ मध्ये या तत्त्वावरचा संदर्भ मांडला. त्यांचा परिपथ भिन्न गुणांच्या ट्रँझिस्टरांच्या साखळ्यांचा होता. पुढे नॅशनल सेमीकंडक्टर या कंपनीत रॉबर्ट विडलर यांनी ते तत्त्व एका तुकड्यावर आणले. एलएम१०९ हा तीन पायांचा ५ व्होल्टचा नियामक १९६९-७० च्या सुमारास आला आणि १९७१ मध्ये विडलर यांचा यावरील निबंध प्रसिद्ध झाला. बरीच पाठ्यपुस्तके शोधाचे श्रेय सरळ विडलर यांना देतात, तर काही लेखक हिल्बिबर यांना अग्रक्रम देऊन विडलर यांच्याकडे केवळ रूपांतराचे काम सोपवतात. तत्त्व हिल्बिबर यांचे आणि वापरण्याजोगा आयसी विडलर यांचा, ही विभागणी अधिक ग्राह्य वाटते. मात्र ‘केवळ रूपांतर’ हा शब्दप्रयोग अन्यायाचा आहे: तापणारा शक्ती-ट्रँझिस्टर आणि तापमानाला हळवा संदर्भ एकाच तुकड्यावर नांदवणे ही खरी अवघड गोष्ट होती. आज पुष्कळ आयसींत दिसणारी रचना या दोघांपैकी कोणाचीच नाही. ती पॉल ब्रोकॉ यांनी १९७४ मध्ये मांडलेल्या घटकावरून आली आहे.

नावातही थोडी ढिलाई आहे. सिलिकॉनचा पट्टांतर, म्हणजे बँडगॅप, साधारण तापमानाला सुमारे १.१२ आणि निरपेक्ष शून्याला सुमारे १.१७ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असतो. परिपथात येणारा १.२०५ हा आकडा साधारण तापमानाजवळची रेषा सरळ शून्यापर्यंत ताणल्यावर मिळतो. प्रत्यक्ष वक्र किंचित वाकलेला असल्याने संदर्भाचा दाब त्याहून थोडा वर, १.२२ ते १.२६ व्होल्टच्या दरम्यान ठेवावा लागतो. उरलेला वाक घालवण्यासाठी महागड्या आयसींत वेगळा दुरुस्ती-परिपथ असतो. याहून स्थिर संदर्भ हवा असेल, तर सिलिकॉनच्या पृष्ठभागाखाली पुरलेला झीनर डायोड, म्हणजे ठरावीक दाबाला उलट दिशेने वाहू लागणारा डायोड, वापरतात. पृष्ठभागावरच्या झीनरमध्ये गोंगाट व सरक (दाब हळूहळू बदलत जाणे) जास्त असते. एलएम३९९ या संदर्भ-आयसीत असा ६.९५ व्होल्टचा झीनर त्याच तुकड्यावरच्या तापकाने कायम गरम ठेवला जातो.

रेषीय नियामक जास्तीचा दाब उष्णतेत घालवतो. ७८०५ या ५ व्होल्टच्या नियामकाला १२ व्होल्ट देऊन १ अँपिअर घेतला तर ७ वॉट नुसते तापण्यात जातात. हीटसिंक, म्हणजे उष्णता हवेत सोडणारा धातूचा पत्रा, नसेल तर आयसी स्वतःला बंद करून घेते. शिवाय तिला आत येणारा दाब बाहेरच्यापेक्षा सुमारे २ व्होल्टने जास्त लागतो. हा फरक काही दशांश व्होल्टवर आणणारे अल्पफरकी नियामक, म्हणजे एलडीओ, १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात पुढे आले. त्यांच्याशी रॉबर्ट डॉबकिन यांचे नाव जोडले जाते. स्विचिंग नियामक दाब सेकंदाला लाखो वेळा तोडून वेटोळ्यातून गुळगुळीत करतो. तो कमी तापतो, पण गोंगाट करतो. एलएम२५९६ चा वेग १५० किलोहर्ट्झ असतो. नाजूक मोजमाप असेल तेथे आधी स्विचिंग व त्यामागे एलडीओ, अशी जोडी लावतात.

आकाराने आज यांपैकी बऱ्याच आयसी एसओटी-२३ या आवरणात येतात. हे आवरण साधारण ३ मिमी. लांब व १.३ मिमी. रुंद, म्हणजे शाळूच्या दाण्यापेक्षा लहान असते. त्यावर पूर्ण नाव मावत नाही. दोन-तीन अक्षरांची खूण असते, आणि तीच खूण दोन कंपन्यांनी दोन वेगळ्या भागांना दिलेली आढळते. दुरुस्तीवाला म्हणून खुणेवर विसंबत नाही, बोर्डावरची वाट मीटरने शोधतो. मोठ्या आवरणांतही गफलती ठरलेल्या आहेत. ७८०५ चा मधला पाय व पाठीचा पत्रा ‘ग्राउंड’ला, म्हणजे परिपथाच्या शून्य दाबाला, असतो, पण ऋण दाबाच्या ७९०५ चा पत्रा आत येणाऱ्या दाबाला जोडलेला असतो. दोघांना मध्ये विद्युत्-रोधक अभ्रक न लावता एकाच हीटसिंकवर कसले, की पुरवठा तिथेच शॉर्ट होतो.

सांगली आणि सातारा जिल्ह्यांत सिलिकॉनचे तुकडे घडत नाहीत. येथे आयसी बोर्डावर येते, वापरली जाते आणि जळली की बदलली जाते. शिक्षण मात्र येथे जुने आहे: सांगलीचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय १९४७ पासूनचे, कऱ्हाडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० चे. ७२३ या जुन्या नियामकावरचा प्रयोग भारतीय विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांत अजून टिकून आहे, जरी नव्या उपकरणांत तो क्वचितच सापडतो. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपानंतर या भागात भूकंपमापनाचे काम वाढले आणि पुढे कोयना परिसरात सुमारे ३ किमी. खोल वेधनविवर घेण्यात आले. जमिनीच्या सूक्ष्म हालचालींचा संकेतही अशाच कमी गोंगाटाच्या विवर्धकांतून जातो.

या भागात अचूक ॲनालॉग आयसी सर्वांत सहज भेटते ती मार्केट यार्डातील इलेक्ट्रॉनिक काट्यात. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले; त्या हळदीचे पोते काट्यावर चढले की खालचा लोडसेल, म्हणजे भार पेलणारा धातूचा ठोकळा, डोळ्यांना न दिसण्याइतका वाकतो. त्यावर चिकटवलेल्या चार स्ट्रेन गेजांचा, म्हणजे ताणाबरोबर रोध बदलणाऱ्या पट्ट्यांचा, व्हीटस्टन सेतू असतो; रोधांतला फरक तो दाबात उतरवतो. सेतूला ५ व्होल्ट दिले तर पूर्ण क्षमतेच्या भाराला नेहमीचा लोडसेल १० मिलिव्होल्ट देतो. क्षमता १०० किलो व भाग, म्हणजे काट्यावर दिसणारा सर्वांत लहान टप्पा, १० ग्रॅमचा धरला तर असे १०,००० भाग होतात, आणि एका भागाच्या वाट्याला १ मायक्रोव्होल्ट येतो. प्रत्यक्षात सुरक्षेसाठी लोडसेल मोठ्या क्षमतेचा घेतात, त्यामुळे संकेत आणखी कमी होतो. तांबे आणि कथिलाच्या सांध्यावर एका अंशाच्या फरकानेही १ ते ३ मायक्रोव्होल्ट उपजतात. म्हणजे पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी बोर्डाची एक बाजू दुसरीपेक्षा अंशभर जास्त तापली, तर काट्याला तेवढे ‘वजन’ दिसू शकते. यासाठी संकेताचे दोन्ही सांधे शेजारी ठेवतात.

हे काम अनेक स्वस्त काट्यांत एचएक्स७११ ही १६ पायांची आयसी करते. तिचा विवर्धक संकेत १२८ पट वाढवतो व तिच्यातला रूपांतरक तो २४ बिटांत अंकित करतो. सेकंदाला १० वाचने घेण्याची रीत निवडली तर ५० हर्ट्झचा मुख्य पुरवठ्याचा घुमारा आपोआप गाळला जातो. वर ज्याचे इतके गुणगान झाले त्या स्थिर संदर्भाची येथे गरज पडत नाही. सेतूला जो दाब दिला जातो तोच मोजणीचाही संदर्भ असतो. तो ५ वरून ४.९ झाला तर संकेत आणि मोजपट्टी दोन्ही सारख्याच प्रमाणात आकसतात व गुणोत्तर जागचे हलत नाही. संदर्भाच्या इतिहासाला वाहिलेल्या ग्रंथांत ही साधी युक्ती कोपऱ्यात पडलेली असते.

तरीही नियामकाची सुट्टी होत नाही. काट्यातील बॅटरी बहुधा ६ व्होल्टची, बंद शिसे-आम्ल प्रकारची असते. पूर्ण भरल्यावर ती सुमारे ६.४ व्होल्ट दाखवते आणि ५.२५ च्या खाली उतरवू नये असा दंडक आहे. तिच्यावर ७८०५ लावली तर सुरुवातीपासूनच ५ व्होल्ट मिळणार नाहीत. ०.२ व्होल्टच्या फरकावर चालणारा एलडीओ बॅटरी संपेपर्यंत नेटाने ५ देतो. तोलाईच्या गर्दीत दिवे गेले तरी काटा न थांबण्यामागे हा दाण्याएवढा तुकडा असतो.

अशा काट्यांची वैधमापन खात्याकडून वर्षातून एकदा पडताळणी होते. लोडसेल वस्तुमान मोजत नाही, बल मोजतो, हे येथे लक्षात घ्यावे लागते. सांगली समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटरवर आहे, तर स्ट्रॉबेरीचे महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटरवर. सांगलीत जुळवलेला काटा तसाच वर नेला, तर गुरुत्वाच्या फरकाने ५० किलोमागे अंदाजे ५ ते १० ग्रॅम कमी दाखवील, म्हणजे साधारण एका भागाइतके. ही तफावत कोणतीही आयसी ओळखू शकत नाही. काटा जिथे वापरायचा तिथेच प्रमाणित वजने ठेवून तो जुळवतात.