कुठला पांढरा? रंगीत फिंचमागचा इतिहास

पांढऱ्या कॅनरीची (पिंजऱ्यात पाळल्या जाणाऱ्या छोट्या फिंच पक्ष्याची) जोडी लावायची म्हटली की जाणता ब्रीडर आधी विचारतो, "कुठला पांढरा?" दिसायला दोन्ही जवळपास सारखेच. पण त्यातला एक प्रभावी आहे, म्हणजे एकाच पालकाकडून आला तरी दिसतो, आणि त्याचं जनुक आईबापांकडून दुहेरी आलं, तर पिल्लू जगत नाही. म्हणजे अशा पांढऱ्याला पांढरीच दिली, की सरासरी चारातलं एक वाया जातं. दुसरा पांढरा अप्रभावी, दोघांकडून आला तरच दिसणारा. त्या पक्ष्याला खाण्यातली कॅरोटिनॉइडं (पिवळी-लाल रंगद्रव्यं, ज्यांपासून शरीर 'अ' जीवनसत्त्व बनवतं) नीट शोषून घेता येत नाहीत, म्हणून 'अ' जीवनसत्त्व वरून द्यावं लागतं. त्यामागचं जनुक २०१७ साली उलगडलं. जीवनसत्त्व द्यायला मात्र पाळणारे त्याच्या कितीतरी आधी शिकले होते. या छंदातली बरीचशी शहाणीव अशीच आली आहे: आधी मेलेली पिल्लं, मग नियम.

म्युटेशन, म्हणजे जनुकातला बदल, कुणी घडवत नाही, ते अचानक उगवतं. माणूस ते फक्त राखतो. जपानी लोकांनी ते फार चिकाटीने राखलं. अठराव्या शतकात चीनमधून तिथे पांढऱ्या पाठीची मुनिया आली आणि पिढ्यानपिढ्यांच्या निवडीतून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पांढरे पक्षी निघू लागले. तीच आजची बेंगालीज फिंच. (नावातल्या बंगालशी तिचा काही संबंध नाही.) ती परक्याची अंडीही मायेने उबवते. त्यामुळे गोल्डियन या ऑस्ट्रेलियातल्या रंगीबेरंगी फिंचची अंडी तिच्याखाली सरकवायची सोपी वाट पुढे रूढ झाली, आणि स्वतःची पिल्लं न वाढवणाऱ्या गोल्डियन जोड्यांचाही वंश चालू राहिला. मला ही वाट कधीच पटलेली नाही.

झेब्रा फिंच या दुसऱ्या ऑस्ट्रेलियन पक्ष्यात पांढरा रंग १९२१ साली सिडनीत दिसल्याची नोंद आहे. ऑस्ट्रेलियाने १९६० मध्ये आपल्या पक्ष्यांची निर्यात बंद केली. तेव्हापासून बाहेरच्या पिंजऱ्यांत जे आहे ते मुख्यतः आधी गेलेल्या पक्ष्यांचंच रक्त. नवा रंग तर बहुधा एकाच पक्ष्यापासून सुरू होतो. तो वाढवायचा म्हणून बापाला लेक आणि भावाला बहीण लावली जाते, आणि मग अंडी फोल निघू लागतात, पिल्लं बारकी राहतात.

रंगाच्या हव्यासाची सगळ्यात महागडी गोष्ट लाल कॅनरीची आहे. १९२०च्या दशकात जर्मनीतल्या ब्रेमेनमध्ये हान्स डुंकर या शिक्षकाने व्हेनेझुएलाकडच्या लाल सिस्किन या छोट्या रानपक्ष्याचा रंग कॅनरीत उतरवायचं ठरवलं. संकरातल्या माद्या वांझ निघाल्या. काही नरच उपयोगी पडले, त्यांना पुन्हा पुन्हा कॅनरी माद्या देत जावं लागलं. त्याच्या हाती नारिंगीच आला. भडक लाल व्हायला जनुकाबरोबर खाण्यातलं रंगद्रव्यही लागतं, हे नंतर लक्षात आलं. दरम्यान सिस्किनला मागणी वाढत गेली, जाळी लागत राहिली. आज तो पक्षी रानात संकटग्रस्त आहे आणि वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या साइट्स कराराच्या पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक, परिशिष्टात आहे.

गोल्डियनची लाल, काळी आणि पिवळी डोकी ही पिंजऱ्यातली करामत नव्हे. रानातही ती तशीच असतात. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं, की लाल आणि काळ्या डोक्यांच्या मिश्र जोडीत पिल्लं जास्त दगावतात, त्यातही मादी पिल्लं अधिक. वेगळ्या रंगाच्या डोक्याच्या नराशी जोडी लागलेली मादी मुलगेच जास्त काढते. आपण केवळ रंग म्हणून पाहतो, त्याच्याशी आणखी बरंच काही बांधलेलं असतं.

रंग पिल्लांत कसा उतरतो याच्या हिशेबाची भाषा १९०८ साली मिळाली. फ्लॉरेन्स डरहॅम आणि डोरोथिया मॅरियट यांनी दालचिनी रंगाच्या कॅनरीवरून दाखवलं, की हा रंग लिंगाशी जोडलेला आहे. पक्ष्यांत नराकडे दोन झेड गुणसूत्रं असतात, मादीकडे एकच. त्यामुळे असा रंग मादीत असला तर दिसतोच. नर मात्र तो लपवून 'स्प्लिट' राहू शकतो. झेब्रा फिंचचा फॉन (फिकट तपकिरी) रंगही असाच. राखाडी नर आणि राखाडी मादीच्या घरट्यात फिक्या कातडीची, लालसर डोळ्यांची पिल्लं निघाली, तर ती माद्याच असणार आणि बाप स्प्लिट. तेवढ्यावर ब्रीडर वही उघडतो, बापाच्या पायातल्या रिंगचा नंबर शोधतो आणि त्याच्यापुढचं 'नॉर्मल' खोडतो.