ऑक्सिडीकारक ताण

पेशीत तयार होणारी ऑक्सिजनची अतिक्रियाशील रूपे आणि त्यांना निष्प्रभ करणारी यंत्रणा यांतील तोल बिघडून पहिली वरचढ झाली, की पेशीवर येणारा भार. दवाखान्यात व औषधांच्या दुकानात याला सर्रास ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात. मनाच्या ताणाशी गल्लत करू नये.

संज्ञेचे जनकत्व सहसा जर्मन जीवरसायनशास्त्रज्ञ हेल्मुट झीस यांना दिले जाते. त्यांनी संपादित केलेल्या १९८५ च्या ग्रंथामुळे ती रूढ झाली. मात्र तांबड्या पेशींतील ग्लुटाथायोन या संरक्षक रेणूवरच्या १९७० मधील एका शोधनिबंधाच्या शीर्षकातच हे शब्द आढळतात. तेव्हा झीस यांनी संज्ञा घडवली असे म्हणण्यापेक्षा तिला व्याख्या दिली, हे मत अधिक ग्राह्य वाटते. कल्पना आणखी जुनी आहे. ऑक्सिजनची विषबाधा व क्ष-किरणांची इजा यांमागे मुक्त मूलके (जोडी नसलेला इलेक्ट्रॉन असणारे अतिक्रियाशील रेणू) असावीत, असे रेबेका गेर्शमन व सहकाऱ्यांनी १९५४ मध्ये सुचविले. १९६९ मध्ये मॅककॉर्ड व फ्रिडोविच यांनी सुपरऑक्साइड या अतिक्रियाशील रूपाला निष्प्रभ करणाऱ्या सुपरऑक्साइड डिस्म्युटेज या एंझाइमाचे कार्य दाखविल्यावर विषयाला बळ आले.

तांबड्या पेशीत हा ताण सर्वांत उघडपणे दिसतो. तिला केंद्रक नाही, तंतुकणिकाही (मायटोकॉन्ड्रिया) नाहीत. त्यामुळे ग्लुटाथायोन पुन्हा कार्यक्षम करण्यासाठी लागणारे एनएडीपीएच हे सहएंझाइम तिला मुख्यतः जी-सिक्स-पीडी (ग्लुकोज-६-फॉस्फेट डिहायड्रोजनेज) या एंझाइमामार्फतच मिळते. हे एंझाइम जन्मतः कमी असेल, तर एरवी निरुपद्रवी ठरणारा मारा सोसत नाही. हिमोग्लोबिनाचे साके जमतात, पेशी फुटतात, कावीळ होते, लघवी कोऱ्या चहासारखी गडद होते. निमित्त प्रायमाक्वीन या हिवतापावरील औषधाचे असू शकते, किंवा ट्रंकेतल्या डांबरगोळ्यांत महिनोन्‌महिने राहिलेल्या आणि न धुता बाळाला गुंडाळलेल्या दुपट्याचेही. बाकल्याच्या शेंगांनीही हे घडते. आपला वाल ही वेगळी वनस्पती.

मुंबईत या कमतरतेचा अभ्यास जुना आहे. पारशी समाजात तिचे प्रमाण तुलनेने अधिक आढळते. परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेत असे रक्तदोष अभ्यासले जातात. व्हायव्हॅक्स हिवतापाची पुनरावृत्ती टाळण्यासाठी प्रायमाक्वीन १४ दिवस देतात, म्हणून प्रश्न केवळ वंशशास्त्रीय नाही. १९८४ मध्ये एका कोळी कुटुंबात सापडलेल्या एंझाइमप्रकाराला ‘कल्याण’ हे नाव मिळाले. त्याआधी ‘केरळ’ नावाचा प्रकार नोंदला गेला होता, आणि जीवरासायनिक गुणधर्मांवरून दोन्ही भिन्न मानले जात. १९९२ मध्ये जनुक तपासले असता दोन्हींत एकच बदल निघाला : एंझाइमाच्या अमिनो अम्लांच्या साखळीत ३१७ व्या स्थानी ग्लुटामिक अम्लाऐवजी लायसीन. आता ‘केरळ-कल्याण’ असे जोडनाव वापरतात. प्राधान्याचा वाद उरत नाही, पण एंझाइमाच्या मोजमापांवरून नावे ठेवण्याची जुनी पद्धत किती अविश्वसनीय होती, ते यातून दिसते.

मधुमेह, धमनीकाठिण्य, धूम्रपान व प्रदूषित हवेचे परिणाम यांतही हा ताण आढळतो; तो कारण की परिणाम, हे बहुतेक ठिकाणी अनिर्णित आहे. अँटिऑक्सिडंट (ऑक्सिडीकरण रोखणाऱ्या) गोळ्यांचा पुरावा त्यांच्या जाहिरातींच्या मानाने फार कच्चा आहे. फिनलंडमधील २९,१३३ धूम्रपानी पुरुषांच्या चाचणीत (१९९४) बीटा-कॅरोटीन हे अँटिऑक्सिडंट घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी अधिक निघाला. अमेरिकेतील तशाच स्वरूपाची दुसरी चाचणी १९९६ मध्ये मुदतीपूर्वी थांबविण्यात आली.