पार्श्वभूमी : सोलापुरातली गुराब आणि तिच्या नाळेचा (पुढच्या टोकाचा) वाद

सोलापूरच्या पूर्व भागात, यंत्रमागांच्या खडखडाटात, काही हौशी मंडळी मराठी आरमारातल्या गुराब या लढाऊ जहाजाची 1:48 प्रमाणातली प्रतिकृती घडवत आहेत. समुद्र इथून एका रात्रीच्या एसटी प्रवासावर आहे. एका फुटाला पाव इंच हे प्रमाण मूळचे इंग्लंडचे. तिथल्या आरमारासाठी सतराव्या शतकाच्या मध्यापासून जे लाकडी नमुने बनत, त्यांतले बरेचसे याच मापाचे असत. मराठ्यांचे जहाज इंग्रजांच्या फूटपट्टीने मोजावे लागते, हे त्या मंडळींना फारसे रुचलेले नाही.

कल्याण-भिवंडीच्या खाडीत 1657-58 च्या सुमारास सुरू झालेली जहाजबांधणी आणि 1679 मधली खांदेरीची झुंज हा भाग सर्वपरिचित आहे. प्रतिकृतीचा संबंध येतो तो त्यानंतरच्या, आंग्र्यांच्या काळाशी, आणि तिथेच अडचण सुरू होते. कोकणातले कारागीर नजरेने आणि हाताच्या मापाने जहाज बांधत असल्याने आराखड्याचा कागद मागे उरलेला नाही. जहाजे तरी उरावीत, तर 1756 च्या फेब्रुवारीत पेशवे आणि इंग्रज यांच्या संयुक्त मोहिमेत विजयदुर्गाच्या बंदरात आंग्र्यांचे आरमार जळाले. आपल्याच आरमाराची राख करण्यात आपलाही हात होता, ही गोष्ट पाठ्यपुस्तकांत एका ओळीत उरकली जाते.

त्यामुळे सगळी भिस्त ‘गुराब’ या शब्दावर येते, आणि तो शब्द सरळ नाही. अरबीत त्याचा मूळ अर्थ कावळा. भूमध्य समुद्रावर या नावाची जहाजे वल्ह्यांची असत. आपल्याकडे मात्र गुराब म्हणजे शिडांचे, तोफांचे मोठे लढाऊ जहाज, आणि वल्ह्यांचा मान गलबताकडे. इंग्रजांनी त्याचा उच्चार ‘ग्रॅब’ असा केला. त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ हिसकावणे असा होत असल्यामुळे, आंग्र्यांना चाचे ठरवणाऱ्यांना हा योगायोग चांगलाच सोयीचा होता. पुढे मुंबईत ईस्ट इंडिया कंपनीनेही स्वतःच्या ताफ्यात गुराबा बाळगल्या. साहजिकच आज चित्रांत दिसणारी प्रत्येक ‘ग्रॅब’ मराठ्यांची असेलच असे नाही, आणि तिच्यावरून प्रतिकृती केली, तर आपण कंपनीचेच जहाज भगवा लावून उभे करण्याचा धोका राहतो.

अठराव्या शतकातल्या एका इंग्रज इतिहासकाराने केलेले वर्णन हा सर्वांत भरवशाचा आधार आहे. गुराबेला बहुधा दोनच डोलकाठ्या, क्वचित तीन. तीन डोलकाठ्यांची सुमारे 300 टनांची, दोन डोलकाठ्यांची फार तर 150 टनांची. लांबीच्या मानाने ती रुंद असे आणि पाण्यात फार खोल बसत नसे. नेहमीच्या गोलसर नाळेऐवजी पुढे निमुळते, लांब नाक निघालेले असे. या नाकाला मुख्य तक्तपोशीपासून (डेकपासून) तुटक करणारी आडवी फळ्यांची भिंत असे आणि तिच्यातल्या खिडक्यांतून नऊ किंवा बारा पौंडांचा गोळा फेकणाऱ्या दोन तोफा थेट पुढच्या दिशेला, नाकावरून, मारा करत. पाठलागाचे जहाज ते, तोफ समोर हवीच.

वाद झाला तो या नाकाला कठडा असावा की नाही यावर. मंडळींतल्या काहींना कठडा हवा होता, कारण त्याशिवाय जहाज अर्धवट दिसते. उलट वर्णन सांगते की नाकाच्या बाजू उघड्या ठेवलेल्या असत, म्हणजे चढलेल्या लाटेचे पाणी तिथल्या तिथे निघून जाई. त्यांच्यातल्या वयस्कर सुताराने पुठ्ठ्याच्या दोन नाकांवर मेण लावून एकेक फुलपात्र पाणी ओतले. कठड्याच्या नाकात पाणी साचले आणि पुठ्ठा टोकाकडून खाली झुकला. उघड्या नाकावरून ते घरंगळून गेले. माझ्या मते प्रश्न तिथेच मिटायला हवा होता, पण तो आणखी चार महिने चालला. शेवटी दोन डोलकाठ्या, उघडे नाक आणि 150 टनांशी जुळणारी 75 फूट लांबी, 22 फूट रुंदी असे ठरले. प्रतिकृतीत ते पावणेएकोणीस इंच आणि साडेपाच इंच होते.

सामान मात्र गावानेच पुरवले. सागाचे रेषे या मापाला भरड दिसतात, म्हणून बंद पडलेल्या गिरण्यांच्या भंगारातून मिळालेल्या हळदू लाकडाच्या जुन्या बॉबिनी चिरून बारीक भाग बेतले गेले. दोरखंडासाठी टॉवेलचे सूत निरुपयोगी ठरले, कारण त्याला पीळ कमी आणि तूस फार. ताण्याचे, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांचे, कडक पिळाचे सूत तीनपदरी वळून मेणावरून ओढल्यावर त्याला दोराचा बाज आला. एप्रिलच्या उन्हात फळ्या आकसून सांधे उघडतात, त्यामुळे सध्या चिकटवण्याचे काम बंद आहे आणि डोलकाठ्यांवर हात फिरतो आहे.